‘नशिबातच होतं’ असे म्हणण्यापूर्वी



‘नशिबातच होतं’, ‘कपाळावर लिहिलेलं कुणाला चुकलंय?’, ‘देवाचीच तशी इच्छा’ ही वाक्ये आपल्या घरांत किती सहज बोलली जातात! मुलगा नापास झाला, नशीब. जमलेले लग्न मोडले, नशीब. पावसाने ओढ दिली आणि कपाशी वाळली, नशीब. घरातला कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला, तेही नशीबच. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही आपल्या महाराष्ट्रातली फार जुनी समजूत आहे. आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसे. सटवाईला आपण मानत नाही. तिने लिहिलेले मात्र पुष्कळदा मानतो!

दुःखाच्या भरात माणूस असे बोलतो त्यात नवल नाही. मोठ्या दुःखाला शब्द सापडत नाहीत, तेव्हा ‘नशीब’ हा शब्द हाताशी असतो. पण हाच शब्द आपण आणखी दोन कामांसाठी वापरतो. एक, स्वतःला सोडवून घेण्यासाठी: ‘मी तरी काय करणार? माझा स्वभावच तसा.’ दुसरे, दुसऱ्याला सोडून देण्यासाठी: ‘तो काही सुधारायचा नाही, रक्तच तसले आहे.’ पहिल्या वापराने आपण आपली जबाबदारी टाळतो आणि दुसऱ्याने आपला भाऊ गमावतो. म्हणून आज या प्रश्नाचा शांतपणे विचार करू या. आपण जे वागतो ते आपल्या इच्छेने, की सगळे अगोदरच ठरलेले असते?

आपल्या संतालाही हाच प्रश्न पडला होता

आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आहे. त्यांच्याच नावाने स्थापन झालेल्या मिशनरी संघाच्या धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या परिसरात शुभवर्तमान आणले. आपल्यातील कित्येक कुटुंबांच्या श्रद्धेची सुरुवात तिथली. पण या संताच्या तरुणपणी काय घडले होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१५८६ सालच्या अखेरीस फ्रान्सिस पॅरिसमध्ये शिकत होते. वय अवघे १९. त्या काळी युरोपात एक मोठा वाद चालू होता. कोण तरणार आणि कोण नाश पावणार हे परमेश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे, माणसाने काहीही केले तरी त्यात फरक पडत नाही, अशी शिकवण जिनिव्हाच्या कॅल्विनने मांडली होती. पॅरिसच्या वर्गांतूनही या विषयावर खल चाले. तरुण फ्रान्सिसच्या मनात एक भीती शिरली: ‘माझे नाव नाश पावणाऱ्यांच्या यादीत असेल तर?’ जवळपास सहा आठवडे त्यांना अन्न गोड लागेना, झोप लागेना. प्रकृती खालावली. शेवटी एके दिवशी ते एका चर्चमध्ये पवित्र मारियेच्या मूर्तीसमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मनाशी एक निर्धार केला. पुढच्या जन्मी काय वाढून ठेवले आहे ते परमेश्वर जाणे. निदान या आयुष्यात तरी मी त्याच्यावर पूर्ण मनाने प्रीती करीन. ते उठले तेव्हा मनावरचा दगड उतरला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना आकाशातून मिळाले नाही. यादी कुणी उघडून दाखवली नाही. आपल्या हातात काय नाही याचा घोर सोडून, हातात काय आहे ते त्यांनी उचलले, एवढेच. आणि प्रीती तर नेहमीच आपल्या हातात असते. जबरदस्तीने करवून घेतलेल्या प्रीतीला प्रीती म्हणतच नाहीत. परमेश्वराला आपली प्रीती हवी आहे, म्हणूनच त्याने आपल्याला स्वातंत्र्य दिले आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

मोशेने इस्राएल लोकांपुढे जीवन आणि मरण, आशीर्वाद आणि शाप ठेवले व जीवन निवडण्याची विनवणी केली, हे अनुवाद पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात आपण वाचतो. निवड करताच येत नसती तर विनवणी कशाला केली असती? बेन सिराच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातही हीच शिकवण आहे. देवाने मला चुकवले, असे म्हणू नकोस, असे तो ज्ञानी लेखक बजावतो. पुढे १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केले की आदिपापामुळे माणसाचे इच्छास्वातंत्र्य दुबळे झाले आहे, पण नष्ट झालेले नाही. ‘दुबळे, पण जिवंत’ हे दोन्ही शब्द आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे दोन्हींची गरज लागणार आहे.

कुणी विचारील, देवाला सगळे अगोदरच माहीत असते ना? मग आपण वेगळे काय करू शकणार? देवगिरीच्या किल्ल्यावर उभे राहा. खालच्या रस्त्याने वेरूळकडे जाणारी मोटार तुम्हांला दिसते. पुढच्या वळणापलीकडून येणारा ट्रकही दिसतो. मोटारवाल्याला तो अजून दिसलेला नाही. पण तुम्हांला दिसते म्हणून गाडी तुम्ही चालवत नाही. परमेश्वर काळाच्या उंचीवरून आपला सगळा रस्ता एकदम पाहतो. त्याचे पाहणे म्हणजे आपल्याला ढकलणे नव्हे.

देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांचा मेळ नेमका कसा बसतो, यावर डॉमिनिकन आणि येशूसंघीय पंडितांत अनेक वर्षे कडाक्याचा वाद झाला. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही पक्षाच्या बाजूने निवाडा न देता तो थांबवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका, असे दोघांनाही बजावले. तेव्हा हे रहस्य पूर्ण उलगडले आहे असा आव आपणही आणायला नको. पण माणूस कठपुतळी नाही, यावर त्या दोन्ही पक्षांचे एकमत होते.

ग्रह, जन्म आणि मेंदू

आता आपल्याला बांधून टाकणाऱ्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या एकेक पाहू.

पहिली, ग्रहतारे. आपल्या काही घरांतही लग्न ठरवताना गुपचूप पत्रिका दाखवली जाते. २००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने, याची एक साधी चाचणी घेतली. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुले यांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवून, कोणती कुंडली कोणत्या गटातली एवढेच सांगायला लावले. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी ५०च्या आसपास आली असती! ख्रिस्तसभेने पत्रिका पाहणे निषिद्ध मानले आहे, ते उगाच नव्हे. आपला उद्याचा दिवस आकाशातल्या दगडांच्या नव्हे, पित्याच्या हातात आहे.

दुसरी, जन्म. या देशात किती पिढ्यांना सांगण्यात आले की तुझा जन्मच तसा, तुझ्या वाट्याला हेच काम! १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या शेजारच्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की कोणत्या धर्मात जन्मावे हे आपल्या हातात नव्हते, पण त्याच धर्मात मरायचे की नाही हे आपल्या हातात आहे. १९५६ साली त्यांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांचा मार्ग आपल्याहून वेगळा, पण जन्माला नशीब मानायचे नाही ही त्यांची शिकवण आपल्यालाही विचार करायला लावणारी आहे. आणि ते नुसते घोषणा करून थांबले नाहीत. १९५० साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय उभे केले; आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून आपल्याला ठाऊक आहे. जन्माने बंद केलेले दार एकट्याच्या इच्छेने उघडतेच असे नाही. त्यासाठी कुणीतरी शाळा बांधावी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

तिसरी गोष्ट महाविद्यालयात शिकणारी आपली मुले विचारतात. मेंदूच सगळे ठरवतो, असे विज्ञान म्हणते ना? १९८३ साली अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनाला वाटेल तेव्हा मनगट हलवा, असे त्यांनी काही लोकांना सांगितले. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली, आणि ‘आता हलवतो’ ही जाणीव मात्र त्यानंतर, सुमारे एकपंचमांश सेकंद आधी झाली. यावरून कित्येकांनी निष्कर्ष काढला की स्वातंत्र्य हा भ्रम आहे. पण लिबेट स्वतः तसे मानत नव्हते. उसळलेली ऊर्मी शेवटच्या क्षणी रोखण्याची मुभा माणसाकडे असते, असे त्यांचे मत होते. २०१२ साली आरॉन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ‘तयारी’चा अर्थच वेगळ्या प्रकारे लावता येतो हे दाखवले. शिवाय मनगट हलवणे वेगळे, आणि भांडलेल्या भावाच्या दारात चार दिवस विचार करून पाऊल टाकणे वेगळे. ऊर्मी आपल्याला विचारून येत नाही हे खरेच आहे. तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र आपल्याकडेच येतो.

पण दुबळेपणही खरे आहे

येथवर वाचून कुणी म्हणेल, मग ठरले तर. माणूस स्वतंत्र आहे, सुधारत नाही तो त्याचाच दोष. थांबा. ट्रेंटच्या परिषदेने ‘जिवंत’बरोबर ‘दुबळे’ही म्हटले होते. संत पौलासारखा प्रेषित रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ७व्या अध्यायात कबूल करतो की जे करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि ज्याचा तिटकारा तेच होऊन बसते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीत स्पष्ट म्हटले आहे की अज्ञान, भीती, जबरदस्ती, सवय आणि मनाचे विकार यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी कधी उरतही नाही. म्हणूनच, आपल्या मराठवाड्यात कर्जाने आणि नापिकीने खचून ज्यांनी आपले जीवन संपवले, त्यांच्या तारणाची आशा सोडू नका, असे ख्रिस्तसभा सांगते आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. त्या घरासमोरून जाताना ‘भित्रा होता’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि दारू. या विषयावर आपण चर्चच्या आवारात हळू आवाजात बोलतो. पण ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांना ते रात्रंदिवस ऐकू येते. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपण ऐकून असाल. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. अनिल अवचट त्यांच्या बरोबर होते, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊन पाठबळ दिले. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस वाईट नव्हे तर आजारी आहे, हे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीची पहिली पायरी काय आहे? ‘दारूपुढे माझे काही चालत नाही’ ही कबुली!

किती विचित्र वाटते, नाही का? आपले स्वातंत्र्य हरवले हे जो मान्य करतो, त्याचे स्वातंत्र्य परत यायला लागते. कारण ती कबुली कुणी त्याच्या तोंडात घालू शकत नाही. ती त्यालाच द्यावी लागते. आयुष्यभर दारू सोडण्याचे वचन त्याच्याकडून मागत नाहीत. आजचा दिवस, एवढेच मागतात. त्याच्या हातात तेवढेच उरलेले असते आणि तेवढेच पुरते. आज जे वितभर उरले आहे ते वापरले, की उद्या ते हातभर होते. न वापरले, तर वितीचेही बोटभर होते.

‘बापही असाच होता, पोरगाही तसाच निघणार’ असे आपण म्हणतो. काही मुलांना व्यसनाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हे वैद्यकशास्त्रही मानते. पण धोका म्हणजे निकाल नव्हे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी एक म्हण इस्राएलात होती. यहेज्केल संदेष्ट्याच्या १८व्या अध्यायात परमेश्वर सांगतो की ही म्हण आता पुन्हा तोंडातून काढायची नाही. आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाबद्दल ही म्हण आपल्या तोंडी येते तेव्हा परमेश्वराचा तो मनाईहुकूम आठवावा.

‘मला कोणी माणूस नाही’

योहानकृत शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस भेटतो. प्रभू येशू त्याला विचारतो, तुला बरे व्हायची इच्छा आहे का? ३८ वर्षे पडून असलेल्याला हा काय प्रश्न झाला? पण प्रभू त्याच्या इच्छेला डावलून काही करत नाही. आधी विचारतो.

आणि तो माणूस ‘हो’ म्हणत नाही! तो आपली अडचण सांगतो. पाणी हलते तेव्हा मला तळ्यात सोडायला कोणी माणूस नाही; मी पोचेपर्यंत दुसराच उतरतो. प्रभू यावर त्याला रागावत नाही. ‘सबबी सांगू नकोस’ असेही म्हणत नाही, कारण ती सबब नव्हती. त्याला खरोखरच कोणी नव्हते. पण तो त्याला तिथेच पडूही देत नाही. ऊठ, आपली बाज उचल आणि चालू लाग, अशी आज्ञा करतो. बळ प्रभूचे, पाय त्या माणसाचे. कृपा आणि स्वातंत्र्य यांचा मेळ याहून सोप्या रीतीने कोण समजावून सांगणार?

या एका प्रसंगात आपल्यासाठी दोन धडे आहेत. आपण स्वतः अंथरुणावर असू, तर ‘तुला बरे व्हायचे आहे का?’ हा प्रश्न ऐकावा. दुसरा कोणी अंथरुणावर असेल, तर ‘मला कोणी माणूस नाही’ हे त्याचे गाऱ्हाणे ऐकावे. आपण बहुतेक वेळा नेमके उलट करतो. स्वतःच्या चुकीसाठी परिस्थितीचे दाखले देतो: कामाचा ताण होता, डोके दुखत होते, त्यानेच आधी सुरुवात केली. दुसऱ्याच्या चुकीसाठी मात्र एकच निदान: त्याने मुद्दाम केले.

मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो तेव्हा छातीवर हात मारून ‘माझा अपराध’ असे म्हणतो. त्या प्रार्थनेत नशिबाचे नाव नाही, बापाच्या रक्ताचे नाही, ग्रहांचे नाही. आणि शेजाऱ्याच्या अपराधाचेही नाव नाही! हात आपलाच, छाती आपलीच. तिच्या शेवटी आपण काय करतो? पवित्र मारियेला, सर्व संतांना आणि शेजारी उभ्या असलेल्या बंधू-भगिनींना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. दोष एकट्याचा मानायचा, पण उठायचे मात्र सगळ्यांच्या आधाराने, असे ख्रिस्तसभा आपल्याला दर रविवारी शिकवत असते.

या आठवड्यासाठी

या आठवड्यात आपण दोन लहान गोष्टी करू या.

पहिली, ‘माझा स्वभावच असा’ असे म्हणून वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेली एखादी सवय निवडावी. तिच्याशी जन्मभराचा करार करू नये. फक्त एका दिवसापुरते, प्रभूचे नाव घेऊन, तिला ‘नाही’ म्हणून पाहावे. जमले नाही तर प्रायश्चित्त संस्काराचे दार उघडे आहेच. तिथे प्रभू तोच जुना प्रश्न पुन्हा विचारतो, कंटाळत नाही.

दुसरी, ‘त्याचे काही खरे नाही’ असे म्हणून आपण ज्याचा नाद सोडला आहे, असा एक माणूस आठवावा. भाऊ असेल, दीर असेल, शेजारचा पोरगा असेल. त्याला उपदेश करू नये. त्याच्या घरी जावे, चहा घ्यावा, त्याची विचारपूस करावी. व्यसन असेल तर उपचाराच्या पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जायची तयारी दाखवावी. मन फारच खचलेले असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ बसून लावून द्यावा. त्याला तळ्यापर्यंत नेणारा ‘माणूस’ आपण व्हावे. त्याची इच्छा आपण निर्माण करू शकणार नाही. तिला उभे राहायला जागा मात्र करून देऊ शकतो.

वयाच्या १९व्या वर्षी भयाने खंगलेल्या त्या विद्यार्थ्याला मारियामातेने आधार दिला आणि पुढे त्याने हजारोंना आधार दिला. संत फ्रान्सिस डी सेल्स आपल्या धर्मप्रांतासाठी, आपल्या घरांसाठी आणि विशेषतः व्यसनाशी झुंजणाऱ्या आपल्या बांधवांसाठी विनंती करोत. ज्या परमेश्वराने आपल्याला निवड करायला मोकळे ठेवले, तोच आपल्याला जीवन निवडण्याचे बळ देवो. आमेन.